पडदे धुण्याचा दिवस

सुनेनं आज सकाळी गच्चीवर सुती साड्यांना खळ दिली. भाताच्या पेजेची ती वाफ, जराशी आंबूस, जराशी गोड, जिना उतरत उतरत माझ्या खोलीपर्यंत आली आणि मी चष्मा शोधायचा सोडून तशीच पलंगावर बसून राहिले. पाडवा नुकताच होऊन गेलाय. चंद्रपूरचं ऊन आत्ताच असं चढलंय की खिडकीतून दिसणारा परकोटाचा, शहराच्या जुन्या तटाचा, दगड दुपार व्हायच्या आत डोळ्यांत खुपायला लागतो. अशा उन्हात खळीचा वास आला की माझं मन या शहरात थांबत नाही. थेट वैनगंगेच्या वाळूत जाऊन उभं राहतं. तिथे बांबूंच्या आडव्या काठ्यांवर लांबच लांब मांजरपाट वाळत असतो, वाऱ्यानं फुगत असतो, आणि त्याच्या एका टोकाला मी असते. विशीतली, हातभर बांगड्या घातलेली, डोक्यात हवा गेलेली. ती हवा त्या कापडात भरली असती तर पडदा नदीपार उडाला असता.

माझी नात चित्रं काढते. कागदावर नाही, काचेच्या पाटीवर. बोटानं ओढलं की रेघ, दोन बोटांनी पुसलं की कोरं. गेल्या जानेवारीत सगळ्यांचे संकल्प चालले होते तेव्हा तिनं माझाही विचारला. मी म्हटलं, जानेवारीत आमचं वर्ष सुरू होत नाही बाई, तेव्हा आम्ही नुसते कुडकुडत असतो. मग तिनं खरं दुखणं सांगितलं. डोकं रिकामं झालंय, नवीन काही सुचतच नाही. तुला सुचायचं का गं, असंही विचारलं. मी अगदी म्हातारीला शोभेल असा गंभीर चेहरा केला आणि म्हटलं, न सुचायला काय झालं. धडधडीत खोटं बोलले. डोकं रिकामं होणं हे केवढं भाग्य असतं हे त्या पोरीला कोण सांगणार? माझं तर एकदा भरलं ते भरलेलंच राहिलं. उभ्या आयुष्यात मी एकच चित्र काढलं, पुन्हा पुन्हा, आणि जे काढायला हवं होतं ते राहून गेलं. ते या पाडव्याला काढायला घेतलं. आत्ता समोर भिंतीला टेकून उभं आहे, अर्धवट. पुरं होईल का, ते मात्र मला ठाऊक नाही.

माझं सासर पडदे रंगवणाऱ्यांचं. धान घरात आलं, दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं उभी राहतात आणि होळीपर्यंत चालतात. त्या नाटकांना लागणारे पडदे मामाजी, म्हणजे माझे सासरे, रंगवून देत. महाल, रस्ता, जेल आणि जंगल. एवढे चार पडदे असले की जगातली कुठलीही गोष्ट सांगता येते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि इतकी वर्षं जग बघून मलाही त्यात पाचव्याची भर घालता आलेली नाही. रंग सगळे पुड्यांचे. गेरू, पिवडी, नीळ, काजळ आणि चंद्रपूरच्या बाजारातून आणलेला एक झगझगीत गुलाबी. ते सरसात, म्हणजे हाडं-कातडं उकळून केलेल्या डिंकात, कालवायचे. सरस शिजवायला परसात वेगळी चूल होती, कारण त्या वासानं सासूबाईंचं डोकं उठायचं. नाटकवाले देव आहेत की भुतं ते नंतर ठरवू, पण त्यांचं खाणं माझ्या चुलीवर शिजणार नाही, असं त्यांनी लग्न होऊन आल्या आल्याच सांगून टाकलं होतं म्हणे.

होळीनंतर पडदे गावोगावाहून परत यायचे. बैलबंडीतून, बसच्या टपावरून, कधी कुणाच्या खांद्यावरून. धुळीनं माखलेले, दिव्यांच्या धुरानं काळवंडलेले, कुठे विडीनं जळालेले. आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी ते सगळे नदीवर नेऊन धुवायचे, ही घरची रीत. चित्र कितीही चांगलं उतरलेलं असो, लोकांनी कितीही वाखाणलेलं असो. जुन्या रंगावर नवं वर्ष काढायचं नाही, असं मामाजी म्हणत.

पडदे धुणं हे रोजच्या धुण्यासारखं नसतं. आधी पडदा पाण्यात पसरून, कडांवर दगड ठेवून भिजत घालायचा. मग एकेका टोकाला एकेक बाई धरून त्याला झोळीसारखे हेलकावे द्यायचे. एका टोकाला सासूबाई, दुसऱ्याला मी. सुरुवातीला काहीच होत नाही. मग खांबांच्या कडा पसरायला लागतात, गुलाबी भिंत निळ्या छतात शिरते, झुंबर ओघळून सिंहासनावर येतं आणि बघता बघता अख्खा महाल कापडातून उठून पाण्यातून चालायला लागतो. सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, आणि त्यांच्या पायांभोवती आधी गुलाबी, मग जांभळं, मग तांबूस पाणी गोल फिरून पुढे निघालेलं. जेल आलं की काळं. जंगल आलं की हिरवं. चैत्राच्या तोंडाला नदी उथळ असते, तळाची वाळू दिसते. त्या वाळूवरून ते रंग ढगांच्या सावल्यांसारखे सरकत जायचे. पलीकडच्या काठावर पळस पेटलेला असायचा, पण त्या दिवशी त्याच्याकडे कुणी बघत नसे. बिचारा वर्षभर वाट बघून फुलायचा आणि ऐन दिवशी आमच्या महालापुढे फिका पडायचा.

खालच्या अंगाला गावातल्या बायका धुणी घेऊन बसलेल्या असत. त्यांच्यातली एक तोंडाची फार तिखट होती. दर वर्षी तिच्या कपड्यांना रंग लागायचा आणि दर वर्षी ती त्याच जागी येऊन बसायची, त्यामुळे तिला भांडणाचीच हौस असावी. एका वर्षी ती ओरडली, "बाई, तुमचा राजा माह्या लुगड्यावर उतरून राह्यला."

सासूबाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "उतरू दे ना. घरी ने अन् जेवाले घाल त्याले," म्हणाल्या, आणि सगळा काठ हसला.

पाडव्याला सकाळी गुढी उभी राहिली, गोडधोड झालं, की वाळलेला पडदा अंगणात चौकटीला ताणून बांधायचा. तो कोरा दिसायचा, पण कोरा नसायचा. रंग गेले तरी त्यांचे डाग मागे राहत, फिके, जागोजागी. मामाजी सुपारी कातरत त्या डागांसमोर बसून राहायचे. खूप वेळ. मग घरातल्या प्रत्येकाला विचारायचे, "या साली काय पाहलं?" काय काढू, असं नाही, काय पाहिलं. सासूबाई म्हणायच्या, तुम्हाला सुपारी कातरताना पाहिलं, सालभर. ते हसायचे आणि उठून पहिली रेघ ओढायचे. त्या दिवशी मागणीतलं काही काढायचं नाही, आधी कधी काढलेलंही काढायचं नाही. त्या सालात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं काहीतरी काढायचं. जेलच्या पडद्याचे गज कधी पुरते धुऊन जात नसत. एका पाडव्याला त्या उभ्या फिक्या रेघांचं त्यांनी बांबूचं बेट केलं आणि त्यातून वाकून बाहेर येणारी मोळीवाली बाई. पुढच्या साली त्याच गजांमध्ये त्यांना धानाच्या रोवणीच्या चिखलात उभे असलेले पाय दिसले. नुसते पाय, पोटऱ्यांपर्यंत चिखल लागलेले. ही चित्रं आम्ही घरातले, शेजारीपाजारी आणि अंगणातल्या कोंबड्या एवढेच बघायचो. पावसाळा सरला, मागण्या आल्या, की त्यांच्यावर पुन्हा खडूचा हात फिरायचा आणि नवा महाल चढायचा. मांडवातल्या माणसांना कुठे कळणार, की राजा सिंहासनावर बसतो त्या जागी खाली रोवणीतल्या बायकांचे चिखलाचे पाय आहेत.

आता त्या विशीतल्या बयेकडे या. तिला लहानपणापासून चित्र जमायचं आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं. मामाजींनी तिच्या हाती जंगलाचा पडदा दिला. आमच्या घरामागचं कुंपण ओलांडलं की साग, मोह, तेंदू, येन, अर्जुन. एवढं जंगल की उन्हाळ्यात वाघ नाल्यावर पाणी प्यायला यायचा आणि आम्ही घागरी घेऊन त्याचं होईस्तोवर थांबायचो. ह्या बाईनं काय काढलं? किराणा दुकानातून आलेल्या कॅलेंडरवरचं जंगल. बर्फाचे डोंगर, देवदार, मधे तळं, तळ्यात हंसांची जोडी. देवदाराचा एक काटासुद्धा जिनं कधी बघितला नव्हता, ती देवदाराच्या फांदीफांदीवर कापूस पिंजल्यासारखं बर्फ ठेवत बसली होती, घाम पुसत. मामाजींनी जवळ येऊन बघितलं आणि विचारलं, हे झाड कुठी पाहलं? मी ठसक्यात सांगितलं, कॅलेंडरात. हात चांगला आहे, एवढंच ते म्हणाले, आणि ते खरंही होतं. हात चांगलाच होता, त्याचंच तर सगळं वाटोळं आहे.

त्या हंगामात जो जो त्या पडद्यासमोर उभा राहिला त्याचं मला अजून हसू येतं. डाकू देवदारामागे लपायचे. नायिका उघड्या पायांनी बर्फात येऊन किती गं बाई ऊन, असं म्हणायची. पण लोकांना त्याचं काही नव्हतं. पडदा सुटून खाली आला की नट यायच्या आधी टाळ्या पडायच्या. मी बायकांमध्ये मागे बसलेली, घोंगडी पांघरून. ती टाळी ऐकली आणि ती माझ्या कानात जी घर करून बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले तीसुद्धा हंसासारखी मान वर करून. पायरी दिसली नाही आणि घागरीसकट खाली बसले. जाऊबाई हसून हसून लोळल्या. मला वाटलं, जळते माझ्यावर.

मग पडदे धुण्याचा दिवस आला. मी सांगितलं, जंगल धुवायचं नाही. असं पुन्हा उतरणार नाही, म्हटलं. आणि कुणी काही बोलायच्या आत पडदा गुंडाळून धानाच्या कोठीमागे नेऊन ठेवला. मामाजी रागावले असते तर बरं झालं असतं. मला भांडायला मिळालं असतं. ते नुसते नदीची वाट चालू लागले. मी बाकीचे पडदे धरले, हेलकावे दिले, आणि तेव्हाच, महाल पाण्यात सुटत असताना, माझं लक्ष समोर गेलं. सासूबाई त्या गुलाबी-जांभळ्या पाण्यात, आपलं टोक उजव्या हातात धरून, क्षणभर पाठमोऱ्या उभ्या होत्या, पदर कमरेला, डावा हात उन्हाला आडवा, कपाळावर. त्यांच्या भोवतीनं एक अख्खं राज्य विरघळून चाललेलं, आणि त्या बहुधा घरी भात चुलीवर ठेवून आलो की नाही याचा विचार करत होत्या. मनात स्पष्ट आलं, हे काढावं. लगेच दुसरं आलं, एक म्हातारी पाण्यात उभी, ह्याला टाळी कोण देणार?

पाडव्याला मामाजींनी नेहमीसारखं विचारलं, "सूनबाई, या साली काय पाहलं?"

"काई नाई पाहलं, मामाजी."

"बरं हाय," ते म्हणाले. "पुढच्या साली पाहजो."

पुढच्या साली कोठीमागून पडदा काढला तर उंदरांनी सरसाच्या वासानं अर्धं तळं खाल्लं होतं. एका हंसाची मान गेली होती. मी मागून ठिगळ लावलं, नवी मान काढली. त्याच्या पुढच्या साली पोट. अशी त्याला मी जगवत राहिले, तो हंस दर वर्षी जाडा होत गेला आणि अखेरीस बदक झाला. पण नाव झालेलं होतं. ज्याला त्याला तेच जंगल हवं, तेच देवदार, तीच जोडी. मी काढत गेले. आधी कॅलेंडर समोर ठेवून, मग न ठेवता, मग न बघताच. मुलं झाली, मोठी झाली. डाळीला फोडणी देता देता मी देवदार सांगू शकले असते. मामाजी मात्र दर पाडव्याला सगळ्यांत लहान एक पडदा धुऊन, ताणून, माझ्यासाठी वेगळा बांधायचे. त्या ताणलेल्या कापडावर ऊन छान लागतं म्हणून मी त्याच्यावर सरगुंडे वाळत घालायची. शेवयांसारखे ते गव्हाचे लांब लांब सरगुंडे कापडावर चिकटायचे आणि संध्याकाळी काढले की बारीक रेघा मागे राहायच्या. मामाजी त्या रेघांसमोरही सुपारी घेऊन बसलेले मी पाहिलेत. त्यांना त्यात काय दिसत होतं, विचारलं नाही. कामात होते ना मी.

ते गेले तेव्हाही मी कुणाच्या तरी मागणीचं बर्फ काढत होते. त्यानंतरच्या साली सासूबाई म्हणाल्या, मी येतो नदीवर. सगळे नको नको म्हणत होते, तरी आल्या. आपलं टोक धरलं. पाण्याला त्या साली ओढ होती, की त्यांच्या हातांतलं बळ सरलं होतं, कोण जाणे. दोनचार हेलकावे दिले आणि त्यांच्या हातून पडदा सुटला. मी ओरडत पडद्यामागे धावले. तो सर्रकन खालच्या डोहाकडे निघाला होता, मी पडत-झडत गाठला, मांडीएवढ्या पाण्यात त्याच्यावर लोळणच घेतली, आणि जिंकल्यासारखी उठून मागे बघितलं. तोवर त्या काठावर जाऊन बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून, लुगड्याचा ओचा पिळत. मी जवळ गेले तर म्हणाल्या, कापड सापडलं ना, मग झालं. आणि पुढच्या साली त्या आल्या नाहीत. आणखी पुढच्या साली त्या नव्हत्याच.

मग छापील पडदे आले. गुळगुळीत, चकचकीत, धुवायची गरज नसलेले. एका नाटकाला मुलानं मला हौसेनं नेलं होतं, तर मागे बर्फाचे डोंगर आणि देवदार. मी बाजूच्या बाईला कोपरानं ढोसून म्हटलं, ही माझीच लेकरं. तिला वाटलं मी नटांबद्दल बोलते आहे; केवढी माणसं घडवलीत हो तुम्ही, म्हणाली. आमच्या परसातली सरसाची चूल मोडली, कुंचे पोरांनी होळीत घातले, आणि आम्ही चंद्रपूरला राहायला आलो.

या पाडव्याला नातीनं बाजारातून मांजरपाट आणून दिला. पुड्यांचे रंग मिळाले, सरसाऐवजी डबीतला गोंद चालवून घेतला. बसायला खुर्ची लागते आता. सुरुवातीला वाटलं तेच झालं. लक्ष जरा हललं की कोपऱ्यात देवदार उगवायचा. दोनदा पुसला. मग हळूहळू नदी आली. वाळू आली. गुलाबी निळ्यात शिरतो ती जागा साधली तेव्हा मी स्वतःशीच मोठ्यानं हसले आणि सून धावत वर आली, सासूला काही झालं की काय म्हणून. त्या रंगांच्या मधे माझ्या सासूबाई उभ्या राहिल्या. पदर कमरेला, काष्टा घट्ट, पोटऱ्यांवर पाण्याची रेघ, डावा हात वर. पाठ हुबेहूब उतरली. खांदे जरा पुढे झुकलेले होते तेही. नात कितीतरी वेळ बघत राहिली.

"आजी, पाठच काऊन काढली? चेहरा काढ ना."

"ती वळली की काढीन."

नात हसली. मीही हसले. पण चित्र तिथेच थांबलंय ते यासाठी. हातातून पडदा सुटला त्या क्षणी सासूबाईंच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, मी कापडाकडे बघत होते. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत, त्या हसायच्या तेव्हा, दमायच्या तेव्हा, नदी रंगीत व्हायची तेव्हा त्यांना त्यात काही वाटायचं की नुसतं काम वाटायचं, तेही मी बघितलेलं नाही. एकाच कापडाची दोन टोकं धरून आम्ही समोरासमोर उभ्या होतो. आठवायला बसले की त्यांचा ओचा आठवतो, मनगटावरचं गोंदण आठवतं, आवाज तर आत्ताही कानात आहे; चेहऱ्याशी आलं की सारं धुऊन जातं. घरात त्यांचा एक फोटो आहे, कुणाच्या तरी लग्नातला, डोळे मिटलेला. तो बघून चेहरा काढला असता तरी भागलं असतं. शिवाय माझा हात अजून सराईत आहे, हवा तो चेहरा दोन फटकाऱ्यांत देईल, प्रेमळ हवा तर प्रेमळ, थकलेला हवा तर थकलेला. आणि बघणारे म्हणतील, अगदी तश्शाच हो. म्हणूनच देत नाही.

नवीन वर्षी माणसाला नवं काही सुचावं, असं सगळेच म्हणतात, आणि माझी नात काचेच्या पाटीवर तेच शोधत असते. तिच्या वयाला ते शोधायचंच असतं. माझ्या वयाला नवं म्हणजे बहुधा राहून गेलेलंच असतं, फक्त ते राहून गेलेलं आहे हे कळेपर्यंत त्याच्या आसपासची माणसं उठून गेलेली असतात. रोज सकाळी उठले की मी त्या पाठीकडे बघते. आता हाक मारायची सोय राहिली नाही, आणि न बोलावता त्या वळतील, असं त्यांचा स्वभाव बघता मला वाटत नाही.